हल्ली असंच पेरतात

शाळा संपवून बॉबिनने शेतीयंत्रांच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा घरात दोन मतं पडली. आत्याचं मत असं की ट्रॅक्टर चालवायला कॉलेज कशाला लागतं, आणि वडिलांचं मत असं की आत्या म्हणते त्यात तथ्य आहे. खुद्द बॉबिनलाही एक मत होतं, पण ते तिला धड कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून ते कुणी धरलं नाही.

वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार, आणि दोहोंच्या मधल्या दारात आत्या. आई गेल्यापासून घर तीच चालवायची, काजबटणंही तीच करायची, आणि दारात बसल्यामुळे दुकानातलं बोलणं आणि चुलीवरचं दूध, दोन्हींवर तिचं लक्ष असायचं. बॉबिन हे नाव वडिलांनी मशीनमधल्या रिळावरून ठेवलेलं. लहानपणी ती गोल होती, एका जागी ठरायची नाही, आणि हरवली की मशीनच्या पायडलखाली सापडायची. पुढे ती अशी ताडमाड वाढली की वडिलांना तिचं माप घ्यायला स्टुलावर चढावं लागे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

एकदा दुपारी वडील झोपलेले असताना तिने शिलाई मशीन पूर्ण उघडलं आणि पुन्हा जोडलं. मशीन चाललं. अगदी छान चाललं. फक्त एक स्क्रू हातात उरला. वडील रागावले नाहीत. त्यांनी तो स्क्रू बटणांच्या डब्यात टाकला आणि म्हणाले, राहू दे, कधीतरी जागा सापडेल. तेव्हापासून जे म्हणून यंत्र दिसेल ते आतून बघितल्याशिवाय बॉबिनच्या जिवाला चैन पडेना. मोठं होऊन काय व्हायचं, असं कुणी विचारलं की तिच्या डोळ्यांपुढे तो उरलेला स्क्रू यायचा. पण हे लोकांना कसं सांगणार?

वडील कारागीर चांगले, पण माणूसच. कधी एक खिसा बोटभर खाली यायचा, कधी कॉलर एका बाजूला मान टाकायची. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून कुरकुरायला लागलं की वडील दोन पावलं मागे सरत, मान तिरकी करत, आणि म्हणत, "हल्ली असंच असतं." हे ते इतक्या शांतपणे म्हणत की गिऱ्हाईक स्वतःलाच जुनाट समजून निमूट घरी जाई. दारातली आत्या त्या वेळी हमखास सुईत दोरा ओवण्यात गर्क असे.

कॉलेजात पहिल्याच दिवशी यंत्रांच्या सरांनी पुढच्या वाटा सांगितल्या. नव्या यंत्रांची चाचणी घेता येईल, दुरुस्ती केंद्र चालवता येईल, यंत्रं भाड्याने देण्याचं केंद्र काढता येईल, विक्रीत जाता येईल, शेतकऱ्यांना यंत्रं शिकवता येतील, डोकं असेल तर नवीन यंत्राचा आराखडाही करता येईल. डोकं असेल तर हे सांगताना सर खिडकीबाहेर बघत होते. बॉबिनने घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि यातलं सावलीत बसून करायचं काम कोणतं, एवढंच विचारलं. बॉबिनला त्याचं उत्तर देता आलं नाही, आणि पुढच्या वर्षांत तर ते उत्तर फारच स्पष्ट झालं.

शिकणं तिला मानवलं. अंगाला डिझेलचा वास इतका मुरला की आत्या तिचे कपडे वेगळे भिजवू लागली. इंजिन उघडणं, पंप बसवणं, चिखलात चाक किती घसरतं ते मोजणं, पेरणी यंत्र जॅकवर उचलून त्याचं चाक हाताने फिरवणं आणि प्रत्येक नळीतून किती दाणे पडतात ते तोलून बघणं, यात दिवस कसे गेले कळलं नाही. ट्रॉली मागे घ्यायला मात्र तिला फार वेळ लागला. ट्रॉली उजवीकडे न्यायची तर ट्रॅक्टर डावीकडे वळवायचा, हे तिच्या डोक्याला पटलं होतं, हातांना पटत नव्हतं. कॉलेजच्या फाटकाचा एक खांब अजून किंचित वाकलेला आहे. तो कुणी वाकवला हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याच्याजवळून जाताना बॉबिन दुसरीकडे बघते.

पण एका बाबतीत ती भाव खायची. तिची ओळ सरळ यायची. खडूची रेघ बघत लहानाची मोठी झालेली पोर. नांगर असो, पेरणी असो, तिचा पट्टा दोरी लावल्यासारखा. तिच्या वरचढ एकच जण होता, एका गवंड्याचा मुलगा, ज्याला सगळे ओळंबा म्हणत. तो बोलायचाही सरळ आणि कमी, आणि त्याच्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हाच त्याचा मोठा दोष. बॉबिनने त्याच्याशी मनातल्या मनात स्पर्धा लावली होती. ओळंब्याला याची गंधवार्ता नव्हती.

शेवटच्या वर्षी ती स्पर्धा मनाबाहेर आली. यंत्र चाचणी केंद्राला एक माणूस हवा होता. बाजारात येण्याआधी नवी यंत्रं तिथे येतात. ती चिखलात, दगडांत, उन्हात मोडेपर्यंत चालवायची, आणि काय मोडलं, का मोडलं, ते सांगायचं. यंत्र उघडायचा पगार मिळतो, हे ऐकून बॉबिनला रात्री झोप लागेना. आणि दुसरी बाजूही होती. दुकानात वडिलांच्या मशीनशेजारी एक दुसरं मशीन फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं. घरात बोलणं झालं होतं: ही जागा मिळाली तर ठीक, नाही तर बॉबिनने ते फडकं काढायचं आणि बायकांचे कपडे शिवायला बसायचं. वडिलांनी हे जबरदस्तीने ठरवलं नव्हतं. बॉबिननेच मोठ्या तोऱ्यात कबूल केलं होतं, कारण जागा आपल्यालाच मिळणार याची तिला खात्री होती. तिच्या खात्र्या नेहमीच अशा पक्क्या असत.

निवडीची रीत साधी होती. रस्त्यालगतच्या शेतात प्रत्येकाने गव्हाचा एकेक पट्टा पेरायचा, यंत्राची एक फेरी जाताना आणि एक येताना. कोंब वर आले की केंद्राच्या मॅडम येऊन पट्टे बघणार आणि माणूस निवडणार. पेरणी हे असं काम आहे की त्यात जे होतं ते मातीखाली होतं. पेरणाऱ्याने तोंडावर कितीही समाधान आणलं तरी निकाल पिकाकडूनच कळतो, आणि पीक कुणाची भीड ठेवत नाही.

बॉबिनची जातानाची फेरी अशी झाली की सरसुद्धा वा म्हणाले. तिथेच घात झाला. वा ऐकल्यावर तिला परतीची ओळ त्याहून देखणी करावीशी वाटली. वळून तिने यंत्र खाली सोडलं, फण, म्हणजे माती चिरून नळ्यांतले दाणे आत सोडणारे दाते, मातीत घुसले, आणि तिच्या लक्षात आलं की आपण इतरांच्या सुरुवातीच्या रेघेपेक्षा हातभर पुढे आलो आहोत. अशा वेळी यंत्र उचलायचं, मग मागे जायचं, मग पुन्हा सोडायचं, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. बॉबिनने ते दुसऱ्यांना शिकवलेलं होतं. पण यंत्र पुन्हा उचललं तर चुकलेलं सगळ्यांना दिसणार. तिने तसंच, फण मातीत असताना, हळूच हातभर मागे घेतलं. फण असे मागे सरकले की एखाद्याच्या तोंडात माती चोंदते आणि त्याची नळी बंद होते. वरून काहीच कळत नाही. पेटीतून दाणे पडतच असतात, पडून नळीतच साठतात. बॉबिन ताठ मानेने, मागे न बघता, दोरीसारखी सरळ गेली. शेवटाला फण एका दगडावर आपटून उडाला, तेवढंच तिला खटकलं. तेही तिने दगडाच्या माथी मारलं.

आठवडाभर ती आनंदात होती. मग कोंब आले. ओळंब्याच्या पट्ट्यात सगळ्या ओळी आल्या. तिच्याही पट्ट्यात आल्या, एक सोडून. परतीच्या फेरीत मधोमध एक ओळ नव्हतीच. कुणी केसांत भांग पाडावा तशी स्वच्छ, सरळ, उघडी माती. इतकी सरळ की ओळंब्यालाही जमली नसती. आणि शेवटाला, जिथे दगडावर आपटून मातीचा बोळा सुटला होता, तिथे नळीत साठलेले सगळे दाणे एकदम पडून गव्हाचा एक भरगच्च झुपका आला होता. त्याच्यापुढे ओळ पुन्हा नीट सुरू. म्हणजे गुन्हा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, शेताने सगळं खुणा करून ठेवलं होतं.

तिने गुडघ्यांवर बसून ती सबंध ओळ बोटाने उकरून पाहिली. एक दाणा सापडला नाही. नांग्या भरायचा, म्हणजे मोकळ्या जागेत नव्याने दाणे टोकायचा विचार तिच्या मनात येऊन गेला, पण ती रोपं वेळेवर वर आली नसती, आणि आली तरी थोरल्यांच्या रांगेत चुकून उभ्या राहिलेल्या धाकट्या भावंडासारखी दिसली असती. मग ती बांधावर बसून स्वतःवर हसली, हसणं रडण्याच्या फार जवळ होतं. खालचा दोरा संपला तरी मशीन चालतच राहतं. सुई वरखाली होते, कापड पुढे सरकतं, पायडल मारणारा खूश असतो, आणि टाका एकही पडत नाही. हे तिने लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेलं. तिचं नावच त्या खालच्या दोऱ्याच्या रिळाचं. एवढं असून दोरा संपल्याचं तिला कळलं नव्हतं.

तो पट्टा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बसमधून दिसायचा. आणि आत्या बसने जायची.

त्या संध्याकाळी आत्याने काजं करता करता, दुकानात गिऱ्हाईक असताना, सहज विचारलं की तुझ्या गव्हाच्या मधोमध तो भांग कसला. वडिलांनी मशीन थांबवलं. गिऱ्हाईकही वळून बघू लागलं. खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण मागे ते मशीन फडक्याखाली बसलेलं होतं, आणि तेही ऐकतंय असं तिला वाटलं.

"ते मुद्दाम सोडलंय," बॉबिन म्हणाली. "पुढे फवारणीला ट्रॅक्टर आत न्यावा लागतो ना, त्याच्या चाकासाठी वाट. हल्ली असंच पेरतात."

अगदीच हवेत बोललेलं नव्हतं ते. मोठ्या शेतांत चाकांसाठी अशा मोकळ्या ओळी खरंच सोडतात. वडिलांनी मान तिरकी करून तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग असं होय, म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ही गोष्ट येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. माप घेताना सांगत, कपडा घालून बघणाऱ्याला सांगत, इस्त्री करताना रस्त्यावरच्याला हाक मारून सांगत. आमच्या पोरीने चाकाला वाट ठेवलीय. हल्ली असंच पेरतात. बॉबिन मागच्या खोलीत बसून ऐकायची, आणि प्रत्येक वेळी तिला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटायचं. तीही दुभंगायची नाही. आणि तो भांग उगवायचंही नाव घ्यायचा नाही.

निवडीच्या सकाळी ती शेतावर पोचली तर बांधावर वडील आणि आत्या हजर. वडिलांनी ठेवणीतला शर्ट घातला होता, त्याचाही खिसा बोटभर खाली आलेला. आत्याने छत्री आणली होती, कारण सावलीचा प्रश्न तिच्यापुरता अजून सुटलेला नव्हता. तुम्ही कशाला आलात, असं बॉबिनने विचारायच्या आत केंद्राच्या मॅडम आल्या.

मॅडम बुटक्या होत्या, बुटांवर वाळलेला चिखल होता, आणि बोलणं मोजकं. प्रत्येकाच्या पट्ट्याशी थांबून त्या एकच गोष्ट विचारत, की यात काय चुकलं आहे. पोरं एकामागून एक काही नाही म्हणत गेली. ओळंबाही काही नाही म्हणाला. त्याच्या बाबतीत ते खरं होतं. मग त्या बॉबिनच्या पट्ट्याशी आल्या, भांगाकडे पाहिलं, झुपक्याकडे पाहिलं, आणि विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात वडील पुढे झाले. चाकासाठी वाट सोडलीय मॅडम, ते अदबीने म्हणाले, हल्ली असंच पेरतात.

मॅडमनी वडिलांकडे पाहिलं, मग बॉबिनकडे.

"एका चाकासाठी?" त्यांनी विचारलं. "ट्रॅक्टरचं दुसरं चाक कुठून जाणार?"

पोरांत खसखस पिकली. इतके दिवस ही थाप घोकून ट्रॅक्टरला चाकं किती असतात हे बॉबिनच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. यंत्रांचं शिक्षण घेतलेल्या माणसाने एकचाकी ट्रॅक्टर शोधून काढला होता. तिने वडिलांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, शर्टाची कड नीट करत. आता आणखी एक वाक्य रचलं असतं तर निदान त्यांची लाज राहिली असती. दुसरं चाक शेजारच्या पट्ट्यातून जाईल, असलं काहीतरी जिभेवर आलंही होतं. पण मग ते वाक्यही वडील उद्यापासून गावभर सांगत बसले असते, आणि ते तिच्याने ऐकवलं नसतं.

"वाट नाही मॅडम," ती म्हणाली. "चूक आहे. घरी मी खोटं सांगितलं, बाबांचा यात काही दोष नाही. फण मातीत असताना मी मागे घेतलं. हातभरच. नळी चोंदली."

एकदा तोंड उघडल्यावर ते तिला बंद करता येईना. कुठे मागे घेतलं ते तिने जागेवर जाऊन दाखवलं. बसल्या जागेवरून चोंदलेली नळी का दिसत नाही ते सांगितलं. दगड शोधून काढला. झुपका उपटून त्याच्या मुळाशी दाणे एकावर एक कसे पडलेत ते दाखवलं. वळून बघायला काय झालं होतं, असं मॅडमनी विचारलं, तर म्हणाली, मान ताठ ठेवायची होती, लोक बघत होते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी झुपका हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाल्या की पेरणी यंत्राच्या नळ्या बनवणारे गेली कित्येक वर्षं म्हणतात, असं मागे कुणी घेतच नाही.

"मी घेते," बॉबिन म्हणाली.

संध्याकाळी सरांच्या खोलीबाहेर कागद लागला. दुकानातलं झाकलेलं मशीन तसंच झाकलेलं राहणार होतं. तिच्या शेजारी उभ्या राहिलेल्या ओळंब्याने तिचं अभिनंदन केलं, सरळ आणि कमी शब्दांत, आणि त्याला पेरणी यंत्रं विकणाऱ्यांनी बोलावलंय असं सांगितलं. बॉबिनला पहिल्यांदाच तो आवडला. तिच्या जागेवर तो हवा होता, असंही तिला मनापासून वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी झोपून गेली. बॉबिन वडिलांशेजारी बसली होती. माफी कशी मागायची ते तिला सुचत नव्हतं. लोकांत तुमचं हसं झालं, मी खोटं बोलले, तुम्ही बिचारे खरं मानून सांगत फिरलात, असं काहीतरी ती पुटपुटली.

वडील खिडकीबाहेर बघत होते. तो पट्टा मागे जात होता, आणि संध्याकाळच्या उन्हात भांग लांबूनही दिसत होता.

"खरं कुणी मानलं होतं?" ते म्हणाले. "हल्ली असंच असतं, हे मी तीस वर्षं म्हणतोय. समोरच्याने म्हटलं तर मला ओळखू येणार नाही का?"

"मग सगळ्यांना सांगत का फिरलात?"

"तुझं सांगून झालं होतं. आता ते निभवायला कुणीतरी नको का?" जरा वेळाने ते म्हणाले, "आज तू कबूल केलंस तसं मला एकदाही जमलं नाही. खिसा बघ." आणि त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. बॉबिनला हसू आलं आणि रडूही आलं, आणि बस खड्ड्यात आपटल्यामुळे दोन्ही एकदमच बाहेर पडलं. आत्या दचकून जागी झाली आणि उतरायचं आलं का म्हणून विचारू लागली.

चाचणी केंद्रात सावलीत बसायचं काम नाही. तिच्या टेबलावर बटणांच्या डब्यातून आणलेला तो जुना स्क्रू आहे. त्याची जागा अजून सापडलेली नाही. सुरुवातीचे दिवस तिने मॅडमच्या मागे मागे फिरण्यात आणि हातातून हत्यारं पाडण्यात घालवले. मग एक दिवस एका कारखान्याचा माणूस नवीन कापणी यंत्र घेऊन आला. चकचकीत रंग, चकचकीत माणूस. बॉबिन यंत्राभोवती फिरली. एका बाजूचं, फिरत्या पट्ट्यावरचं झाकण दुसऱ्या बाजूच्यापेक्षा बोटभर खाली आलं होतं, आणि हात लावला की हलत होतं. तिने तिकडे बोट दाखवलं. माणूस दोन पावलं मागे सरला, मान तिरकी केली, आणि अतिशय शांतपणे म्हणाला, "ते ना? नवीन मॉडेलला हल्ली असंच येतं."

बॉबिन त्याच्याकडे मायेने बघून हसली. मग तिने बाह्या सारल्या, पाना मागितला आणि म्हणाली, "उघडा."